चालायची दोन मिनिटं

आमच्या तृप्तीला पोलीस भरतीत आठशे मीटर पळायचं होतं. पहिल्या दिवशी नातीनं दोनशे मीटरवरच कमरेवर हात ठेवले. घनसावंगीला भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांनी सांगितलं, एकदम पळू नको. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा कर. चालण्यातच दम साठतो.

मग रोज उजाडलं की मी उसाच्या कडेच्या गाडीवाटेवर स्टूल टाकून बसायची. एक शिट्टी म्हणजे पळ, दोन म्हणजे चाल.

"आज्जे, शिट्टी बराबर वाजवतीस. तूच भर की फॉर्म."

"गुडघे दे मंग तुझे."

दोन महिन्यांत पळायचं एक मिनिट तीनवर गेलं. भरती वीस दिवसांवर आली, तेव्हा एका सकाळी मी दोन शिट्ट्या दिल्या. तृप्ती चालू लागली. पावलांचा आवाज मात्र पळतच राहिला. मातीवर अनवाणी, एका लयीत. वाटेवर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तो आवाज तिला ओलांडून बाभळीपर्यंत गेला आणि तिथं थांबला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं चालणंच सोडलं. दोन शिट्ट्या दिल्या तरी पळायची. आठवड्यात चेहरा उतरला, नडगी सुजली, एकदा तर वाटेतच उलटी झाली.

"चाल गं दोन मिनिटं. सर काय म्हणले होते?"

"चालले की ते जवळ येतंय, आज्जे. पळताना न्हाई कळत."

"काय येतंय?"

"कुणाचा तरी श्वास."

असंच चाललं असतं तर भरतीआधीच पोरीचा पाय गेला असता. आणि तो श्वास कुणाचा, हे मला माहीत होतं.

मी दहा वर्षांची होते. फोन नव्हते. कुणी गेलं की गावातले रखमाजी अनवाणी पळत पाहुण्यांच्या गावी सांगावा न्यायचे. सांगावा घेऊन निघालेल्यानं वाटेत बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, अशी रीत. आणि सांगावा ज्याच्या कानी पडला, त्यानं तो पोचवायचाच. चैत्रातल्या एका दुपारी ते याच वाटेनं आले. माझ्या कमरेवर घागर होती. मी म्हणाले, "काका, टेका की जरा." ते माझ्याकडे बघत राहिले. मग बाभळीखाली बसले, ओंजळीनं पाणी प्याले. पुन्हा उठले नाहीत. कोण गेलं होतं, कुणाला सांगायचं होतं, कधीच कळलं नाही. त्यांना मी बसवलं, हे मीही कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी स्टूल बाभळीपाशी नेलं. तृप्ती पळत आली. मी दोन शिट्ट्या दिल्या.

"चाल. मागं बघू नको. मी हाय."

ती चालू लागली. ओठ दाबून, रडत. मागून पावलं आलीच. मी उठून वाटेत मधोमध उभी राहिले.

"रखमाजीकाका, तुम्हाला मीच बसवलं. कुणाचा सांगावा हाय? मला द्या."

पावलं हातभर अंतरावर थांबली. कानाला गरम वाफ लागली. दोन नावं आणि एक गाव, शहागड, इतकंच ऐकू आलं.

तृप्तीचे खांदे खाली आले. ती बाजाराला निघाल्यासारखी सावकाश चालली, पूर्ण दोन मिनिटं. शिट्टी दिल्यावर हलकी पळाली. आठही फेऱ्या तिनं तशाच केल्या आणि हसत माझ्याकडे आली.

"आज्जे, काहीच न्हाई आलं मागं! बस ना आता, कवाची उभी हाईस."

मी बसायला गेले. गुडघे वाकेनात. स्टूल अगदी मागंच होतं. मी शिट्टी तिच्या हातात दिली आणि शहागडच्या दिशेनं निघाले.

"आज्जे, कुठं चाललीस? आज्जे!"

तिच्या हाका मागं पडत गेल्या. साठेक वर्षांत मी धावले नव्हते. दम लागत नव्हता.