आंबेहळदीचा लेप

घरात पाऊल टाकताच कानिफनाथला आंबेहळदीचा वास आला आणि त्याचं टाळकं सरकलं. कोपरगावच्या साखर कारखान्यातून सुटीला घोडेगावला यावं, तर हा वास ठरलेलाच. म्हणजे बापानं आईला पुन्हा झोडपलं होतं.

बाप सहादेव, एके काळचा नावाजलेला बैलांचा दलाल. जन्मभर त्यानं बाजार पालथे घातले, माळावर मुक्काम पडला की काठी घेऊन जनावरांभोवती जागला. आता म्हातारचळ लागला होता. बायको ओळखू येईना, पण काठी काही सुटेना. दावणीला एक बैल उरला नव्हता, तरी अंधार पडला की त्याला गोठ्यात चोर दिसायचे, आणि चोर म्हणून हाती लागायची ती बिचारी गोजरबाई. तीही कसली खमकी! दर खेपेला लेकाला थाप मारायची. उंबऱ्याला ठेचकाळले म्हणे, सरपण अंगावर पडलं म्हणे. मागच्या सुटीत कानिफनं बजावलं होतं, "आता मारलं तर म्हाताऱ्याला साखळीनं बांधीन."

आज ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. डावा हात लेपानं पिवळा, तोंडावर घामाच्या धारा.

"कवा मारलं?"

"न्हाई रे. आठवडा झाला, त्येंनी हात उगारला न्हाई. आपसूकच दुखतोय, पार खांद्यापतुर."

"सरपण पडलं आसंल!"

"तुजी आन, कानिफा. खरं सांगते."

इतक्या थापा पचवलेला लेक आता कशाला ऐकतोय? तो तसाच बाहेर ओट्यावर गेला, तिथं बसलेल्या बापाची काठी हिसकावली आणि त्याच्याच पाठीत घातली. दुसरा तडाखा गुडघ्यावर बसला. म्हातारा कोलमडला, कपाळ दगडावर आपटून रक्त डोळ्यांत उतरलं, तरी ओरडत राहिला, "चोर! चोर! बैल नेले रं!" कानिफला त्याची कीव आली नाही. खरं तर बरं वाटत होतं, आणि तिसऱ्यांदा काठी वर गेली.

गोजरबाई मधे पडली. काठी तिला लागलीच नाही. तरी ती छाती धरून खाली बसली आणि कलंडली.

कानिफनं बापाला गोठ्यात बैलाच्या साखळीनं जखडलं, कुलूप घातलं आणि शेजारच्या पीरमहंमदच्या ट्रकातून आईला नगरला नेलं. पीरमहंमदची बायको सकीना तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

डॉक्टरांनी हात तपासला, छाती तपासली, सकीनाकडून म्हाताऱ्याची हकीकत ऐकली आणि कानिफला बाहेर घेतलं.

"हातावर जुने वळ आहेत, पण हे दुखणं त्यांचं नाही. हृदयाचं दुखणं हातात उतरलंय. झटका आलाय. रात्री म्हाताऱ्यापाशी कोण जागतं?"

"आई."

"आणि दिवसा?"

"दिवसाही तीच."

"तुम्ही?"

"मी सुटीला येतो."

"झोप नाही, सुटका नाही, सतत भीती. काळीज किती सोसणार? पुन्हा तेच करायला घरी नेलंत, तर वाचायच्या नाहीत."

आई खरं बोलली होती. एकदाच खरं बोलली आणि त्यानं बाप फोडून काढला. कानिफला स्वतःची शिसारी आली.

आत गेला तेव्हा गोजरबाईनं डोळे उघडले. "त्येस्नी बांधलंस?"

"व्हय."

"सोड जा. काठी दे हातात. रिकाम्या हातानं लई भित्यात."

सकीनाला आईपाशी ठेवून तो दिवेलागणीला घोडेगावात पोचला. म्हातारा गोठ्याच्या कोपऱ्यात लटलट कापत होता. कपाळावर रक्त वाळलं होतं. कानिफनं कुलूप काढलं, जखम धुतली, मग काठी त्याच्या हातात दिली.

कापरं थांबलं. म्हाताऱ्यानं त्याला खालीवर न्याहाळलं.

"बैल चोराया आलास व्हय रं?"

पहिला तडाखा डाव्या दंडावर बसला. कानिफनं हात वर केला नाही. दुसरा बसला, तिसरा बसला, मग म्हातारा दमला. कानिफ आई रात्री जागायची त्या जागेवर, उंबऱ्यात जाऊन बसला. दंड ठणकत होता. घरात आंबेहळद कुठं असते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.