दोन जावा आणि एक आकडा

एका घरात दोन जावा असल्या की सासूची करमणूक होते. इथे तर दोघी एकाच प्रयोगशाळेतही होत्या. थोरलीनेच धाकटीला तिथे आणलं, हाताला धरून शिकवलं, आणि आता कुणी धाकटीचं कौतुक केलं की थोरलीच्या पोटात दुखायचं.

काम असं: शिशाच्या भिंतीआड एक जड मूलद्रव्य. त्याचे अणुगर्भ कुणी हात न लावता आपणहून फुटतात. फुटलेला तुकडा खवळलेला असतो आणि एकामागून एक किरण सोडत शांत होतो. पहिला किरण एका स्फटिकात शिरला की घड्याळ सुरू, पुढचा दुसऱ्यात शिरला की बंद. मधला वेळ म्हणजे त्या खवळलेल्या अवस्थेचं आयुष्य. पापणी लवायला लागतो त्याचा अब्जावा भाग.

अशाच एका अवस्थेचं आयुष्य थोरलीने पूर्वी मोजलं होतं. तिचा आकडा पाठ्यपुस्तकात गेला, तिचं सगळं नाव त्यावर उभं होतं. धाकटीचा आकडा त्याच्या निम्मा आला. सासूबाई शेजारणींना सांगत सुटल्या, "धाकटी फार हुशार हो." मग मी काय इतकी वर्षं माश्या मारत होते, असं थोरलीला झालं.

विभागाच्या बैठकीत थोरली गोड आवाजात म्हणाली, "स्फटिकांची अदलाबदल करून पाहिलीस का गं? वायरींतला उशीरच आयुष्य म्हणून मोजला नाहीस ना?"

अदलाबदल म्हणजे पहिला किरण दुसऱ्या स्फटिकात पकडायचा आणि पुढचा पहिल्यात; आयुष्य खरं असेल तर मोजलेल्या वेळांचा आलेख मग दुसऱ्या बाजूला झुकतो. वायरींचा उशीर असेल तर हट्टाने तिथेच राहतो. तो तिथेच राहावा म्हणून थोरलीने मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले.

धाकटीने सगळ्यांसमोर करून दाखवलं. आलेख मुकाट्याने दुसऱ्या बाजूला गेला.

विभागप्रमुख थोरलीकडे वळले. "तुमच्या वेळी केली होती ना ही अदलाबदल?"

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. केली नव्हती. आकडा सुंदर आला होता आणि तिला घाई होती.

"सर, ताईंच्या वेळी यंत्रणा जुनी होती," धाकटी हळूच म्हणाली. "तसं करताच यायचं नाही."

खोटं होतं ते, आणि थोरलीला सांभाळून घेण्यासाठी होतं. म्हणजे हिला सगळं कधीच कळलेलं होतं. हुशारही हीच, आणि वर मनाने मोठीही हीच? थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. आकडा गेला तो गेला, पण एवढा मोठेपणा ती हिला मिळू देणार नव्हती.

"करता येत होतं," ती म्हणाली. "मी केलं नाही. माझा आकडा खोडा."