एक घर खाली

मास्तरांची मुलगी येणार म्हटल्यावर बोरूकाकांनी सकाळपासून तीनदा चष्मा पुसला.

"अहो, काचा झिजतील," बायको म्हणाली. "परीक्षा द्यायला बसल्यासारखं काय करताय?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. खरंच तसं वाटत होतं, त्याला ते काय करणार?

बोरू हे नाव वादकांनी ठेवलं होतं. मास्तर चित्रपटांना संगीत देत. सगळ्या वाद्यांचं वादन ते एका मोठ्या कागदावर, एकाखाली एक, पाच-पाच रेघांवर आणि रेघांमधल्या घरांत लिहीत. त्या मूळ प्रतीवरून प्रत्येक वादकाचा कागद वेगळा उतरवायचा, हे काकांचं काम. तिरक्या निबेने ते इतकं सुबक लिहीत, की बोरूचा कागद समोर असला तर झोपेतही वाजवता येतं, असं वादक म्हणायचे. पुढे चाळीस व्हायोलिनं एका कीबोर्डात मावू लागली. वादक एकेक करून घरी बसले आणि त्यांच्यामागून काकाही. निब कधी वाळली, ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं.

मुलगी आली ती भलंमोठं गाठोडं घेऊन. लहानपणी ती स्टुडिओत टीपकागदाच्या होड्या करत काकांच्या टेबलाखाली बसे. आता केस पांढरे झाले होते.

"काका, बाबांची गाणी मोठ्या वाद्यवृंदाबरोबर होणार आहेत. साठ वादक, काळे कोट, तिकिटं संपलीसुद्धा."

"त्यांच्याच गाण्यांना तेव्हा थिल्लर म्हणायचे लोक," काका हसून म्हणाले.

"आता अभिजात म्हणतात. माणूस गेला की बढती मिळते." तीही हसली, मग गाठोडं सोडू लागली. "तुम्ही लिहिलेले सगळे कागद नीट आहेत. फक्त बाबांच्या त्या गाजलेल्या गाण्यातला क्लॅरिनेटचा कागद सापडत नाही. अर्थात अडत काही नाही. मूळ प्रत संगणकात घातली की तो प्रत्येक वाद्याचं आपोआप वेगळं करून देतो."

काकांनी हातातली बशी खाली ठेवली.

"त्याची चूक होत नाही?" त्यांनी विचारलं.

"संगणकाची? छे."

ती गेल्यावर बायको दारातच उभी राहिली. "ट्रंकेतला कागद किती वर्षं उबवणार आहात?"

तो कागद ट्रंकेत होता, अडतीस वर्षं. क्लॅरिनेट हे वाद्य विचित्र. कागदावरचा सूर वाजवला की कानावर त्याच्या एक पायरी खालचा येतो. म्हणून लिहिणाऱ्याने प्रत्येक सूर एक पायरी वर चढवून लिहायचा. काकांचा हात त्यात मुरलेला. पण त्या दिवशी घरी आई अंथरुणाला खिळली होती, आणि कडव्याआधीच्या सुरावटीतला शेवटचा सूर त्यांनी मूळ प्रतीत होता तसाच उतरवला. न चढवता.

गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा सगळे एका दालनात एकत्र वाजवत होते. सुरावट वर चढत गेली आणि पोचायच्या आधीच थांबली. कुणी दाराशी यावं आणि कडी न वाजवता उभं राहावं, तशी. मास्तरांनी मान वर केली. काकांना आपली चूक तिथेच कळली. मास्तर क्षणभर तसेच राहिले आणि म्हणाले, "चला, पुढचं घ्या." संध्याकाळी कागद गोळा करताना काकांनी तेवढा एक खिशात घातला.

गाणं घराघरांत गेलं. त्या एका सुरावर लेख आले, गायनाच्या वर्गांत धडे झाले. मास्तर मुलाखतींत सांगत, "तो सूर माझा नाही, मला तो मिळाला." लोक म्हणत, केवढा हा विनय! काका ऐकत आणि रेडिओचा आवाज कमी करत. मास्तरांना विचारायचं त्यांच्या कित्येकदा ओठांवर आलं. भीड आडवी आली, मग मास्तरच गेले.

आता गप्प राहिलं तर तो सूर जाणार होता. बोललं तर मास्तरांचं नाव.

तालमीच्या दिवशी काका तो कागद खिशात घालूनच गेले आणि शेवटच्या रांगेत बसले. साठ माणसांचा आवाज किती वर्षांनी अंगावर आला! डोळे भरले, त्याची त्यांना लाज वाटली. मग ती सुरावट आली. क्लॅरिनेट वर चढलं आणि अगदी बरोबर जागी जाऊन बसलं. दार उघडलं, आत कुणीच नव्हतं.

व्हायोलिनवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. क्लॅरिनेटवाला स्वतःच थांबला.

"साहेब, इथे खाली येतं. मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय."

"पाळण्यातले कान घरी ठेव," वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले. "मास्तरांच्या हातचं लिहिलंय. त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं?"

मुलीने मूळ प्रत उघडली. "अक्षर बाबांचंच आहे," ती गोंधळून म्हणाली. "पण मग…"

"मग रेकॉर्डवाला चुकला असेल," संचालक म्हणाले. "आपण मूळ तेच वाजवू."

रेकॉर्डवर वाजवणारा जुना क्लॅरिनेटवादक आता या जगात नव्हता. त्याने एक सूरही कधी चुकीचा वाजवला नव्हता. काका उभे राहिले.

"तो नाही चुकला. मी चुकलो."

पुढे जाऊन त्यांनी कागद मुलीच्या हातात दिला. घडीवर तो फाटायला आला होता. काय झालं ते त्यांनी अडखळत सांगितलं.

"आणि बाबा जन्मभर त्या सुराबद्दल बोलत राहिले," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तुम्ही एकदाही बोलला नाहीत, काका."

"नाही बोललो."

"त्यांना कळलं होतं?"

"त्यांनी मान वर केली होती. मनात आणलं असतं तर पुन्हा वाजवून घेतलं असतं. घेतलं नाही. म्हणजे त्यांनी तो ठेवला, असं मी धरून चाललोय, बाळ. नक्की सांगता येत नाही."

तिने कागदाची घडी सरळ केली. मग तो क्लॅरिनेटवाल्यापुढे ठेवून म्हणाली, "हे वाजवा."

त्याने वाजवलं. सूर दाराशी येऊन उभा राहिला. संचालकांनी हातातली काठी खाली ठेवली आणि चष्मा काढला.

मुलगी पेन्सिल घेऊन आली. "मूळ प्रतीत दुरुस्त करा."

"मास्तरांच्या लिहिण्यावर मी हात नाही चालवणार," काका म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, तो गेला नव्हता. मग तिने स्वतःच वडिलांच्या सुरावर बारीक काट मारली.

"कुठे लिहू?"

काकांनी बोट टेकवलं. "या रेघेच्या खालच्या घरात."

"इथे?"

"हो. इथेच."