अर्ध्या व्होल्टचा शब्द

माझा राग नाकावर असतो, हे गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण त्या सकाळी नर्सबाई चौथ्यांदा तीच तक्रार घेऊन आल्या, तेव्हा मला राग आला नाही, लाज वाटली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पुन्हा पेटला होता. दोन महिन्यांत मी त्या गाडीचे तीन सेन्सर बदलले होते. स्कॅनर लावायचा, त्यावर येणारा कोड वाचायचा, कोड ज्याचं नाव घेईल तो पार्ट बदलायचा, दिवा विझवायचा आणि ‘आता वर्षभर बघायला नको’ असं छातीठोकपणे सांगायचं. पंधरा दिवसांत दिवा पुन्हा हजर, आणि दर वेळी कोड वेगळा.

“मिस्त्री, आज मी भांडायला आलेली नाही,” नर्सबाई म्हणाल्या. “भांडायची ताकदच राहिली नाही.”

बाई अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन इंजेक्शनं देतात, जखमा धुतात. त्यांच्या यादीतलं शेवटचं घर चढावर आहे. तिथे एक आजोबा आहेत. त्यांच्या हाडांत दुखणं शिरलंय आणि संध्याकाळी पाचचं इंजेक्शन चुकलं की त्यांना काही सुचत नाही. गेल्या मंगळवारी गाडीची ओढ अर्ध्या चढावरच गेली. आधी ती रांगली, मग बंद पडली. बाई बॅग घेऊन धावत वर गेल्या, तोवर चाळीस मिनिटं गेली होती.

“चाळीस मिनिटं तो माणूस उशी चावत पडला होता,” त्या म्हणाल्या. “गाडी बंद पडली म्हणाले, तर म्हणतात, मागेही गाडीच होती ना! त्यांना वाटतं मी थापा मारते. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. मुलीला सांगितलंय, दुसरी नर्स बघ. आता दुसरी कुठून आणायची? त्या चढावर जायला कोणी तयारच नाही.”

किल्ली टेबलावर ठेवून त्या जवळच्या रुग्णांकडे पायी निघून गेल्या. जाताना साडेचारला येते म्हणाल्या.

मी स्कॅनर लावला. या वेळी कोड थ्रॉटलच्या सेन्सरचा होता. तो तर पहिल्याच खेपेला बदलला होता! मी पाना जमिनीवर आपटला.

“पान्याचा काय दोष?” मागून आत्या म्हणाली.

आत्या तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे राहायला आली होती. घरात करमत नाही म्हणून रोज गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायची आणि माझ्या कामगारांच्या चुका काढायची. एकतीस वर्षं तिने टेलिफोन खात्यात केबल जोडल्या. रस्त्याखालच्या खड्ड्यात उतरायचं, मनगटाएवढी केबल उघडायची आणि बाराशे जोड्यांतून बिघडलेली एक जोडी शोधून काढायची, हे तिचं काम. आमच्या घराण्यात तारेला हात लावणारी ती पहिली. मी दुसरा, पण तिच्या मते मी अजून शिकाऊ उमेदवारच.

“तुझं ते यंत्र काय म्हणतं?” तिने विचारलं.

“थ्रॉटलचा सेन्सर म्हणतं. आधी हवेचा म्हणालं, त्याआधी धुराचा, आणि त्याच्याही आधी हाच.”

“म्हणजे ते नुसत्या चुगल्या करतंय. शाळेत पोरं एकमेकांची नावं सांगतात तसं. अरे, तिघं आळीपाळीने आजारी पडत असतील, तर तिघं एकाच नळाचं पाणी पितात का, ते बघ ना.”

मी काहीतरी तिरसट बोलणार होतो. तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. त्या गाडीत सेन्सर तीन असले, तरी तिघांची अर्थिंगची वायर एकच आहे. एक बारीक तपकिरी तार तिघांकडून निघते आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जाते. दोन महिन्यांत माझ्या डोक्यात ती एकदाही आली नव्हती.

मी बॅटरी सोडवली, मीटर घेतला आणि तारेच्या दोन्ही टोकांना लावला. मीटर ‘टुक’ वाजला. “तार ठीक आहे,” मी म्हणालो. खरं सांगायचं तर आत्या चुकली म्हणून मला थोडं बरं वाटलं.

“झोपलेल्याला विचारलंस, दमलास का, तर तो काय सांगणार?” आत्या खुर्चीतून उठली. “बॅटरी जोड. इंजिन चालू कर. तार कामावर असताना तिला विचार.”

मी इंजिन चालू केलं. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकावर धरलं आणि लाल टोक सेन्सरच्या कनेक्टरमागून त्या तपकिरी तारेला लावलं. काटेकोर बोलायचं तर तिथे शून्य यायला हवं होतं. आला अर्धा व्होल्ट.

एवढंच. अर्धा व्होल्ट. पण तीन सेन्सर जे काही बोलत होते, त्यात तो मिसळला जात होता. कॉम्प्युटर बिचारा कानावर येईल ते खरं मानत होता आणि कधी याला खोटं ठरवत होता, कधी त्याला. फारच गोंधळ झाला की इंजिनाची ओढच काढून घेत होता. आणि मी मात्र जे खरं बोलत होते त्यांनाच उपटून फेकत होतो.

आत्याने हातातल्या बांगड्या काढून माझ्या खिशात टाकल्या आणि वायरिंगच्या जुडीला हात घातला. “तू फक्त आकडा वाच,” ती म्हणाली.

तिची बोटं जुडीवरून इंचाइंचाने सरकू लागली. दाबायचं, किंचित वाकवायचं, सोडायचं, पुढे जायचं. घाई नाही. इंजिन घरघरत होतं आणि मी “अर्धा... अर्धा... अर्धा” म्हणत होतो. कामगार हातातलं टाकून भोवती जमले. बॅटरीच्या मागे, जिथे जुडी खाली वळते, तिथे तिची बोटं थांबली. “इथे हिची चाल बदलली,” ती पुटपुटली आणि जुडी अगदी नखभर वाकवली.

“दीड!” मी ओरडलो. इंजिन शहारलं. आत बसलेला कामगार म्हणाला, “दिवा पेटला!” आत्याने बोट सैल केलं, इंजिन सावरलं. पुन्हा वाकवलं, पुन्हा शहारलं. टनभर वजनाची गाडी त्या बाईच्या दोन बोटांत होती. वीस वर्षं मी इंजिनं खोलतोय, पण एवढं मोठं धूड इतक्या बारीक शब्दावर जगतं, हे मी त्या दिवशी प्रथम डोळ्यांनी पाहिलं.

इंजिन बंद करून मी जुडीवरची टेप सोडवली. तपकिरी तार त्या जागी फुगली होती. कातडं चिरलं तर आतून गंजलेल्या तांब्याची हिरवी पूड सांडली. सोळा तंतूंपैकी दोन शाबूत होते. चाचणीला ‘टुक’ करण्यापुरते ते दोघे पुरत होते, कामाला नाही.

“पाणी शिरलंय,” आत्या म्हणाली. “कुठून शिरलं?”

मी भिंग आणलं. फुगलेल्या कातड्यावर एका ओळीत तीन बारीक भोकं होती.

टेस्टिंगची सुई तारेत टोचून करंट बघायची सवय आमच्या धंद्यात सगळ्यांना आहे. पण तीनदा टोचायची खोड माझी एकट्याची. एका टोचण्यावर माझा विश्वास बसत नाही. दोन वर्षांपूर्वी गाडी सुरू होत नाही म्हणून बाईंनी आणली होती, तेव्हा मीच इथे सुई घातली होती. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे ती गाडी कधी गेलीच नव्हती. भोकं बुजवायचं माझ्या मनातही आलं नाही. इवलंसं तर भोक, त्याने काय होतंय?

आत्याने ओळखलं असणार. ती बांगड्या मागून घेऊन हातात चढवू लागली.

“सांगू का त्यांना?” मी विचारलं.

“मला कशाला विचारतोस? एवढा मोठा झालास की.”

मी खराब तुकडा कापून डाख लावून नवी तार जोडली, वरून वॉटरप्रूफ नळी चढवली. मीटरवर शून्य आलं. जुडी हलवली, ओढली, गाडी खड्ड्यांतून फिरवून आणली. दिवा पेटला नाही.

साडेचारला नर्सबाई आल्या. मी कापलेला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तीन भोकंही दाखवली. बिलाचं बोलायला गेलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“सुई काढल्यावर आम्ही तिथे कापूस दाबून धरतो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नाही धरत?”

“नाही,” मी म्हणालो.

“हे मला सांगून काय उपयोग, मिस्त्री? गाडीत बसा.”

चढावर गाडी एकदाही अडखळली नाही. पाचला पाच मिनिटं कमी असताना आम्ही वर पोहोचलो. आजोबांच्या मुलीने दार उघडलं. आजोबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाईंची चाहूल लागली तरी हलले नाहीत. बाईंनी बॅग उघडली. मी पलंगाशी उभा राहिलो आणि एका दमात बोलून टाकलं. मी गाडीचा मिस्त्री, मंगळवारी गाडी खरंच बंद पडली होती, त्याच्या आधीही पडली होती, बाईंची काही चूक नव्हती, चूक माझ्या हातची होती.

पांघरुणातून एक हात बाहेर आला. मी त्यावर तारेचा तुकडा ठेवला. आजोबा वळले. ते पूर्वी पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते, असं त्यांची मुलगी हळूच म्हणाली. त्यांनी तुकडा उजेडात धरला, अंगठ्याने हिरवी पूड पुसली आणि एकेक भोक नखाने चाचपलं.

“यातून करंट किती जायचा?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाही म्हणायचं, आजोबा. वाटेत अर्धा व्होल्ट अडकत होता.”

“आणि तेवढ्याने गाडी थांबली?”

“तेवढ्याने थांबली.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग मला दिसला नाही. मी सकाळी आत्याच्या बोटांकडे जसा बघत होतो, तसे ते त्या तुकड्याकडे बघू लागले.

“आणि मी या पोरीला खोटारडी म्हणालो,” ते म्हणाले. नर्सबाई पाठ फिरवून उगाचच बॅगेत काहीतरी शोधायला लागल्या.

आजोबांनी तुकडा उशाशी ठेवला, सदऱ्याची बाही वर सारली आणि हात बाईंपुढे धरला.