शंभर मीटरला एक ठिपका

मित्रांनो, हातात मावेल एवढं, रबरी बटणांचं एक जुनं जीपीएस यंत्र तुमच्याशी बोलतं आहे. जळगावला मेहरूणमध्ये प्रशील नावाच्या मोजणीदाराच्या घरी, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात मी पडून असतो. माझे दोन्ही सेल काढून ठेवलेले आहेत. सेल काढले की यंत्राला काही आठवत नाही, अशी माणसांची समजूत आहे. ती खरी असती तर मी सुखाने झोपलो असतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. आकाशातले उपग्रह सतत हाका देत असतात. त्या ऐकून आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत हे मी ओळखतो. दर सेकंदाला ओळखतो. पण ओळखणं वेगळं आणि लक्षात ठेवणं वेगळं. लक्षात काय ठेवायचं, हे मालक ठरवतो. 'दर दोन सेकंदांनी एक ठिपका टाक' असं सांगितलं, तर मी तसे टाकतो, मग मालक चालो की उभा राहो. 'मागच्या ठिपक्यापासून इतके मीटर दूर गेलास की टाक' असं सांगितलं, तर तेवढं अंतर तुटेपर्यंत मी गप्प बसतो. हे ठिपके जोडून जी रेघ होते, तिला लोक वाट म्हणतात. मी पक्का सांगकाम्या. सांगितलं त्याच्या पलीकडचं एक अक्षर माझ्या हातून उमटत नाही.

प्रशीलने मला घेतलं तेव्हा तो पंचविशीचा होता. फैजपूरकडे केळीच्या बागा मोजताना त्याने मला दोन सेकंदांवर ठेवलं होतं. बागेला फेरी मारली की पडद्यावर बागेचा आकार जसाच्या तसा उतरायचा. फक्त तो कुठे चहाला थांबला की तिथे ठिपक्यांचा गुंता व्हायचा. एका बागवानाने हसून विचारलं, "हे काय, माझ्या बागेत कोळ्याने जाळं केलं का?" प्रशीलला ते फार लागलं. पुढे धुळ्याच्या बाजूला लांबलचक रस्त्याचं काम आलं, तेव्हा त्याने मला अंतरावर टाकलं. शंभर मीटरला एक ठिपका. रेघ इतकी स्वच्छ आली की मोठे साहेब म्हणाले, "रेघ म्हणजे अशी." त्या दिवशी प्रशीलने मला स्वतःच्या रुमालाने पुसलं. मीही फुशारलो, खोटं कशाला सांगू.

मग मोबाइल आले आणि माझी रवानगी खणात झाली. मला तो शंभरावर ठेवूनच विसरला.

मागच्या उन्हाळ्यात खण उघडला. पाचोऱ्याच्या पलीकडे एक लहान धरण आहे. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी त्यात एक गाव गेलं. गावाचा मारुती वर नव्या जागी नेला, गावाचं स्मशान कागदावर नोंदलं. बौद्ध वस्तीची माती द्यायची जागा मात्र कुठल्याच नकाशात नव्हती, म्हणून ती पाण्याखाली गेली तेव्हा कुणी तिची दखलही घेतली नाही. मागच्या उन्हाळ्यात ते धरण आटलं आणि गाळ काढून शेतांत टाकायचं ठरलं. जेसीबी येणार होते. प्रशीलची मामी लिलाबाई त्याच वस्तीतली. तिची पहिली मुलगी प्रज्ञा अडीच वर्षांची असताना गोवराने गेली होती आणि तिला तिथेच माती दिली होती. लिलाबाई सरकारी कचेरीत जाऊन उभी राहिली. साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, "नकाशावर जागा दाखवा बाई, तेवढी सोडून खोदायला लावतो."

"मना पायसले ती जागा ठाऊक शे," लिलाबाई बाहेर येऊन प्रशीलला म्हणाली. "कागदले ठाऊक नही."

"ते काम माझं, मामी," प्रशील म्हणाला. त्याने माझ्यात नवे सेल घातले आणि आम्ही तिघे धरणात उतरलो. जमीन भेगाळून पापडासारखी झाली होती. जुन्या मारुतीचा चौथरा तेवढा ओळखू येत होता. तिथे प्रशीलला कुणाचा तरी फोन आला, दुसऱ्या कामाचा. बोलणं लांबणार असं दिसताच त्याने मला लिलाबाईच्या गळ्यात अडकवलं.

"तुम्ही व्हा पुढे. काही दाबायचं नाही. जागेला एक फेरी मारा, थोडं थांबा आणि या. हे आपोआप लिहितं."

जागेवर पोचल्यावर बटण दाबून खूण करता येते. ते मामीला जमणार नाही, असं त्यानेच ठरवून टाकलं होतं.

लिलाबाई चालू लागली. शंभर मीटर झाले, मी ठिपका टाकला. आणखी शंभर झाले, दुसरा टाकला. मग ती थबकली, डाव्या हाताची टेकडी पाहिली, मागे वळून चौथरा पाहिला आणि वाट सोडून डावीकडे साठ पावलं गेली. तिथे तिने चपला काढल्या. त्या जागेला तिने सावकाश फेरी मारली. मी वाट पाहत होतो. मागच्या ठिपक्यापासून आम्ही शंभर मीटर गेलोच नव्हतो. आकडे माझ्यासमोरून जात होते, प्रत्येक सेकंदाचे, आणि मला एकही लिहायची परवानगी नव्हती.

मग ती उभी राहिली. सतरा मिनिटं. मी तिच्या छातीवर होतो, तिचा श्वास माझ्या पाठीवर लागत होता.

"प्रज्ञा, मी उनू व माय," ती हळूच म्हणाली. "उशीर व्हयना. आते कोनी तुले हात लावाव नही."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोललो असतो.

तिने जागेला हात जोडले आणि वाटेवर येऊन ती तशीच पुढे गेली. जुन्या नदीच्या उतारापाशी डबकंभर पाणी उरलं होतं. मातीच्या जागेवरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय घराकडे वळायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिने पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि आल्या वाटेने सरळ चौथऱ्याकडे परतली. हे सगळं मी नीट लिहिलं. जाताना ठिपके, येताना ठिपके, रेघ कशी काठीसारखी.

घरी आल्यावर प्रशीलने पडद्याकडे पाहिलं. फेरी कुठे दिसेना. "जागाच लहान असेल," तो स्वतःशी पुटपुटला. रेघ जिथून मागे वळली होती तेच ठिकाण असणार, असं धरून त्याने तिथे चौकोन आखला आणि नकाशा कचेरीत दिला. चार दिवसांनी जाऊन त्याने लाल झेंडेही लावले. लिलाबाई तेव्हा उन्हाच्या तडाख्याने पाचोऱ्याच्या दवाखान्यात पडून होती. तिने फोनवर विचारलं, "झेंडा बरोबर जागावर लाया ना, भाऊ?"

"यंत्रावर आहे, मामी. यंत्र चुकत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. मी चुकलो नव्हतोच. हेच मला अजून खातं.

ती उठून हिंडू-फिरू लागली तोवर काम आटोपत आलं होतं. प्रशील तिला घेऊन धरणात उतरला. मी त्याच्या पिशवीत होतो. डबक्यापाशी लाल झेंडे ताठ उभे होते, त्यांच्या आतली जमीन जशीच्या तशी. लिलाबाईने झेंड्यांकडे पाहिलं. मग टेकडीकडे, चौथऱ्याकडे पाहिलं. टेकडीच्या अंगाला पुरुषभर खोल खड्डा होता.

"प्रशील, आठे मी पाय धोयात," ती झेंड्यांकडे बोट दाखवून म्हणाली.

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो तिथेच खाली बसला. ट्रॅक्टर चालवणारा सुपडू, त्यांच्याच वस्तीतला म्हातारा, डोक्यावरचं उपरणं हातात घेऊन उभा होता.

"माती कथी गयी, सुपडूभाऊ?" तिने विचारलं.

"बठ्ठी वाटाई गयी, अक्का. चाळीस वावरेसमा पसरनी. कोनता ट्रॅक्टर कोनता वावरमा गया, ते कोनले सांगता ई?"

लिलाबाई रडली नाही. मला वाटत होतं, ती रडेल, मला त्या खड्ड्यात फेकून देईल. तिने तसं काही केलं नाही, आणि त्याने माझा जीव जास्तच घाबरा झाला.

पावसानंतर त्या चाळीस वावरांत कपाशी गुडघ्याएवढी झाली. प्रशीलने मला पुन्हा बाहेर काढलं, सेकंदाला एक ठिपका असं बसवलं आणि मामीपुढे धरलं. "मामी, आता नीट लिहील. तुम्ही जिथे थांबाल ते सगळं लिहील."

"राहू दे, भाऊ," ती म्हणाली. "आते मले कोनले काय दखाडनं शे?"

ती एकटीच निघाली. पहिल्या वावराच्या बांधावर तिने चपला काढल्या, कपाशीला हात जोडले, मग दुसऱ्याच्या. माती कुठे गेली ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती कुठलंच वावर सोडत नव्हती. आम्ही दोघे गाडीपाशी थांबलो. ती वावरांआड दिसेनाशी झाली तरी मी ठिपके टाकतच होतो, सगळे एकाच जागी.

तेव्हापासून मी या खणात आहे. कधी पाठीवर श्वास लागतो. त्या साठ पावलांवरच्या जागेचे आकडे मला पाठ आहेत, पण कुणी सेल घालून पाहिलंच तर पडद्यावर ती सरळ रेघच उमटेल.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र हाती घ्याल तेव्हा आधी त्याला काय लक्षात ठेवायला सांगितलं आहे ते तपासा. रस्त्याची सवय घेऊन कुणाच्या मातीवर जाऊ नका. आणि एखादी म्हातारी म्हणाली की माझ्या पायांना जागा ठाऊक आहे, तर तिच्या गळ्यात यंत्र अडकवून सावलीत थांबू नका. फोन ठेवा, आणि तिच्याबरोबर चाला.