सहा हेंडगे, एक आग

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या संध्याकाळी हातात हेंडगा नाही असा माणूस मुरुम गावाच्या आसपास शोधून सापडायचा नाही. दिवसभर रानात राहायचं, कडब्याच्या कोपीत पांडव पुजायचे, भज्जी-अंबिलीवर ताव मारायचा, वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. दिवस बुडला की कडब्याची पेंडी पेटवून, जुना पुकारा करत पिकाभोवती पळायचं. ती पेटती पेंडी म्हणजे हेंडगा. आज्या-पणज्यापासून हेच चालत आलंय. पण लांबून बदलून आलेल्या नव्या फौजदाराला हे कुणी सांगावं? आणि सांगितलं तरी त्यानं ऐकावं का? त्यानं आपलं लिहून टाकलं की सहा इसम हातात पेटते टेंभे घेऊन, आरडाओरडा करत फिर्यादीच्या रानावर चालून गेले.

त्या सहा इसमांत एक इसम धुरपदाबाई होती. तिचे गुडघे असे की घरून रानात यायचं तर दोनदा बसावं लागायचं. ती बांधाच्या अलीकडं पेंडी धरून नुसती उभी होती. ती कुठली चालून जातीय? तिच्याखेरीज तिचा नवरा बजरंग, मुलगा रणधीर, दीर उत्तरेश्वर, जाऊ, आणि दिराची पोरगी निकिता. सगळं घरच कागदावर चढलं.

आता खरं काय झालं ते सांगून टाकू, लपवाछपवी कशाला. बांधापलीकडच्या शिवलिंगाप्पाची कडब्याची गंजी त्या संध्याकाळी खरंच जळाली, आणि ती रणधीरनंच पेटवली. दोन्ही घरांत बांधावरून कुरबुर होतीच. तरी येळवस म्हणून रणधीर दुपारी शिवलिंगाप्पाला जेवायला बोलवायला गेला होता. शिवलिंगाप्पानं पाहुण्यांच्या देखत तोंड फिरवलं. येळवशीला बोलावणं नाकारणं म्हणजे आमच्याकडं थोबाडीत मारल्यासारखंच. रणधीरनं ते दिवसभर गिळलं, आणि दिवस बुडताना हातातला हेंडगा बांधावरून पलीकडं भिरकावला. धुरपदाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. पोटचं पोरगं होतं ते.

एकानं केलं तर सहा जणांवर गुन्हा कसा? धुरपदाबाईलाही हेच कळेना. वकीलबाई हर्षालीनं तिला समजावलं, "मावशी, पाच किंवा जास्त माणसं एका वाईट हेतूनं जमली, तर त्यातल्या एकानं केलेला गुन्हा सगळ्यांनीच केला असं कायदा धरतो."

"आन हेतू वाईट नसला तर?"

"तेच तर कोर्टात सांगायचंय."

घरातल्या बाकीच्यांना या खटल्यानं नुसता ताप झाला. निकिताचं मात्र सगळंच अडलं. पोरगी पोलीस भरतीत निवडली गेली होती. पहाटे उठून मुरुमच्या रस्त्यावर धावणारी, शेरडं राखताना पुस्तक वाचणारी पोर. ओळखीच्या पोरींना नेमणुका मिळून त्या ट्रेनिंगलाही गेल्या, आणि हिची नेमणूक या केसपायी अडकून पडली. गावात काहीजण तोंड वाकडं करून म्हणायचे, आगलावी पोलीस होणार म्हणे. पहाटेचं धावणं तेवढं निकितानं सोडलं नाही.

तारखेच्या आधी वकीलबाईनं सगळ्यांना बसवून डाव सांगितला. "अंधार पडत आला होता, वारं होतं, कुणाच्या पेंडीनं आग लागली हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. तुम्ही कुणी काही बोलू नका. संशयाचा फायदा मिळून सगळे सुटाल."

बजरंगनं हात जोडले. निकितानं मात्र खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, संशयाचा फायदा म्हणून सुटले तर खात्यात चालतं का?"

वकीलबाईंनी खरं ते सांगितलं. "अवघड जातं. छाननी समिती बसते. ते म्हणू शकतात की ही पुरावा नव्हता म्हणून सुटली, हिनं केलंच नाही असं कुठं सिद्ध झालंय."

निकितानं मान खाली घातली. रणधीर भिंतीकडं बघत बसला. धुरपदाबाई त्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं रणधीरला गोठ्यात गाठलं. तो म्हशीला वैरण टाकत होता. धुरपदाबाई गव्हाणीवर टेकली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "हेंडगा तू फेकलास. म्या बघितलंय."

रणधीरचा हात थांबला. "मग इतके दिस बोलली न्हाईस?"

"आई हाय म्हणून. ती बी चूकच झाली माझी. आपण सहा जणं मुकाट बसलो की सहाजणं सुटतो, पर पोरगी सुटत न्हाय. तिच्या कपाळाला तुझी काजळी तशीच ऱ्हातीय."

"म्हणजे म्या आत जाऊन बसू? तुला चालंल?"

"न्हाय चालणार. लई रडीन म्या. पर भाकरी बांधून भेटायला यीन. आन तू न्हाय बोललास, तर तुझ्या ताटात भाकरी वाढताना मला तुझ्या तोंडाकडं बघवायचं न्हाय."

रणधीरनं उरलेली वैरण टाकली आणि गोठ्यातून निघून गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. धुरपदाबाईनंही पुन्हा विषय काढला नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं.

उमरग्याच्या कोर्टात त्या दिवशी गर्दी होती. शिवलिंगाप्पा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, धुतलेलं धोतर, कपाळाला भस्म. सरकारी वकिलानं विचारलं तसं त्यानं पढवल्याप्रमाणे सांगितलं. सहा जण टेंभे घेऊन आले, ओरडत होते, गंजी जळाली. मग हर्षाली उठली.

"शिवलिंगाप्पा, त्या दिवशी तुमच्याकडं येळवस होती का?"

"व्हय, होती की. वर्साचा सण हाय."

"संध्याकाळी तुमच्या हातात हेंडगा होता?"

"व्हता."

"घरच्यांच्या हातात?"

"समद्यांच्याच व्हता."

"तुम्ही सगळे ओरडत पिकाभोवती पळलात?"

"पळायचंच असतंय."

"मग तुम्ही कुणाची गंजी जाळायला निघाला होता?"

कोर्टात हशा पिकला. पट्टेवाला तोंडावर हात धरून हसला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टेबलावर बोटं वाजवून गप्प केलं, पण त्यांच्याही मिशा हलल्याच. ते सोलापूरकडचे, येळवस काय असते ते त्यांना सांगायची गरज नव्हती. शिवलिंगाप्पाचं तोंड मात्र पडलं.

हर्षालीनं आवाज उतरवला. "आग लागल्यावर पेटत्या गंजीतून पेंड्या ओढायला तुमच्या मदतीला कोण आलं?"

शिवलिंगाप्पाचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. माणूस तापट खरा, पण लिंग हातात धरून खोटं बोलणारा नव्हे. त्यानं निकिताकडं बघितलं. "ही पोरगी. पहिली हीच पळत आली. हात भाजला हिचा."

"मग तिचं नाव का घातलंत?"

"राग व्हता, बाई. फौजदारसाहेब म्हणले, सगळ्यांच्या हातात आग व्हती, तवा सगळेच गुन्हेगार. म्या म्हणलो, घाला मग सगळ्यांचीच. चुकलं माझं."

निकिताच्या गालावरून पाणी ओघळलं, तिनं ते पुसलंही नाही. वकीलबाई समाधानानं खाली बसल्या. काम फत्ते झालं असं सगळ्यांनाच वाटलं. धुरपदाबाईला मात्र वाटलं नाही. एकटी निकिता यातून सुटली, तर आग नेमकी कुणी लावली हा संशय बाकीच्या पाच जणांवर तसाच राहणार होता, आणि ज्या घरातला आगलाव्या अजून सापडलेला नाही त्या घरची पोर म्हणून समिती निकितावर पुन्हा बोट ठेवणारच. ती रणधीरकडं बघत राहिली.

रणधीर उभा राहिला.

"साहेब, पेंडी म्या टाकली. एकट्यानं. म्या टाकणार हे ह्यातल्या कुणाला ठाऊक बी नव्हतं."

हर्षाली दचकून वळली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "हे बोलायची तुझ्यावर सक्ती नाही. जे बोलशील ते तुझ्याविरुद्ध जाईल. वकिलाशी बोललास का?"

"न्हाय साहेब. आईशी बोललोय."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी त्याला विचार करायला वेळ दिला, वेगळा वकीलही देऊ केला. पुढच्या तारखेला रणधीरनं तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. धुरपदाबाई बाकावर ताठ बसून होती. गोठ्यात म्हणाल्याप्रमाणे ती रडली खरी, पण मान खाली घालून नव्हे.

निकालाच्या दिवशी सगळं गाव लोटलं. साहेबांनी वाचलं की जमाव गुन्ह्यासाठी नव्हता, सणासाठी होता. एकाच्या मनात अचानक आलेल्या रागाचं ओझं बाकीच्यांच्या डोक्यावर देता येणार नाही. पाच जण निर्दोष. रणधीरला काही महिन्यांची कैद आणि शिवलिंगाप्पाला नुकसानभरपाई द्यायचा हुकूम. स्वतःहून कबूल केलं म्हणून शिक्षा हलकी, हेही साहेबांनी लिहिलं.

धुरपदाबाईनं हर्षालीचा कोट धरला. "वकीलबाई, पोरीपुढं संशय बिंशय लिहिलाय का?"

"नाही मावशी. साफ निर्दोष. उलट आग विझवायला पहिली धावली हेही लिहिलंय."

शिपाई रणधीरला न्यायला आला. निकिता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. रणधीरनं तिच्या डोक्यावर टपली मारली. "जा, उद्याच नेमणुकीसाठी खात्यात अर्ज टाक. मला पकडायला दुसरा पोलीस आलाय, ही लाज हाय तुला."

ती रडता रडता हसली.

धुरपदाबाई बाहेर आली, समोरच्या हॉटेलातून पेढे घेतले आणि कोर्टाच्या आवारात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवत सुटली. पट्टेवाला, पक्षकार, चहावाला, शिवलिंगाप्पासुद्धा. शिवलिंगाप्पानं पेढा घेतला, पण गावातल्या सारजाबाईला राहवलं नाही. "अगं बया, पोरगं आत चाललंय आन तू पेढे कशाचे वाटायलीस?"

धुरपदाबाईनं तिच्याही हातावर पेढा ठेवला.

"आमच्या घरात सहा आगलावे हाईत म्हणत व्हतात न्हवं? पाच नव्हतेच. आन एक व्हता, त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं. त्याचे पेढे."