सहा कमानींचा पूल आणि सव्वा एकची झोप

नदीकाठच्या त्या जुन्या गावाला एका दिवसात जाऊन यायचं ठरलं, तेव्हा तिने सगळ्यात आधी पाहिली ती लेकीची झोपेची वेळ. पूल नंतर.

बघण्यासारखं तिथे पुष्कळ होतं. सहा कमानींचा दगडी पूल, त्याच्या एका टोकाला जुनं जकातघर, दुसऱ्या टोकाला पडझड झालेली तटबंदी, आणि कमानींखालून फिरवून आणणारी होडी. आगगाडीने दोन तास. येत्या रविवारी सकाळी निघायचं आणि संध्याकाळी घरी. सोमवारीच जेवणाच्या टेबलावर कागद पसरून तिने रेघा मारल्या. साडेआठची गाडी, अकराला होडी, बाराला जेवण, साडेबाराला जकातघर. सव्वा एक ते पावणेतीन अशी एक चौकट आखून तिच्यात दोनदा गिरवून लिहिलं : भिंगरी झोपेल.

"कोणाच्या भरवशावर?" नवऱ्याने खांद्यावरून वाकून विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकणार काय आणि कुठे, हे त्याला लांबूनही कळायचं.

"पाळणाघराच्या वहीत रोज लिहिलेलं असतं. सव्वा एकला झोपली, पावणेतीनला उठली."

"पाळणाघरात झोपते ती. आपल्याकडे कधी झोपलीय?"

अडीच वर्षांच्या त्या पोरीला भिंगरी हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. घरी सुट्टीच्या दुपारी ती डोळ्याला डोळा लावायची नाही, आणि मग चार वाजता जो भोंगा सुरू व्हायचा तो आवरता आवरायचा नाही. एकदा बागेतून आणि एकदा एका लग्नातून त्यांना असंच काढता पाय घ्यावा लागला होता. लग्नात तर एक आजीबाई म्हणाल्या होत्या, "हिला आईची सवय दिसत नाही." ते वाक्य तिच्या मनात अजून काट्यासारखं रुतून होतं. म्हणूनच हा रविवार तिला हवा होता. एक अख्खा दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, लेक तिच्याजवळ आनंदात राहायला हवी. दुसऱ्या कोणाची मदत न घेता.

दुसरं कोणी म्हणजे मावशी. पाळणाघरातली.

मावशीबद्दल तक्रार करायला जागा नव्हती, हीच तर तक्रार होती. घरी कंगवा बघितला की भिंगरी पलंगाखाली शिरायची. पाळणाघरातून मात्र ती मधोमध भांग पाडून, दोन इवल्याशा वेण्या घालून परत यायची. वेण्या सोडताना तिची आई जरा जोरातच ओढायची. भिंगरी बाहुलीला दटावायची ते मावशीच्या सुरात, "असं नाही करायचं, राणी." पडली, लागलं, की पहिली हाक मावशीला. प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजणारी बाई होती भिंगरीची आई. तिच्या नजरेतून यातलं काहीएक सुटत नव्हतं.

आणि त्यात मंगळवारी नवऱ्याने दिवे लावले. भिंगरीला आणायला दोघं गेले होते. मावशी बूट चढवून देत होत्या, आणि हा पठ्ठ्या म्हणतो कसा, "मावशी, रविवारी चला की आमच्याबरोबर. नदी बघू."

"मावशी पण," भिंगरीने टाळ्या पिटल्या.

"बघते," मावशी हसून म्हणाल्या.

घरी येऊन दार लागल्यावर ती म्हणाली, "मला विचारायचं तरी."

"अगं, सहज म्हणालो."

"तू सहज म्हणतोस आणि निस्तरायचं मी."

"त्यात निस्तरायचं काय? त्या झोपवतील हिला. तुलाच फिरायला मिळेल निवांत."

तो भल्यासाठीच बोलत होता, आणि नेमकं तेच तिला झोंबलं. तिला आत्ताच सगळं दिसायला लागलं : पुलावर मावशींचं बोट धरून चाललेली भिंगरी, होडीत मावशींच्या मांडीवर बसलेली भिंगरी, आणि मागून पिशव्या सांभाळत येणारी आपण.

त्या झोपवतात तरी कशा, हे एकदा बघायलाच हवं होतं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती लॅबमधून निघाली आणि पाळणाघराच्या मागच्या गल्लीत येऊन खिडकीशी उभी राहिली. एक वाजून दहा मिनिटं. काय काय दिसेल याची तिने वाटेत यादीच केली होती. गाणं असेल. थोपटणं असेल. नाहीतर कुशीत घेत असतील. तसं असेल तर आपल्याला बघवणार नाही, हेही तिने ठरवून टाकलं होतं.

आत आठ गाद्या. मावशींनी एकेकाला आडवं केलं, पांघरूण घातलं, आणि भिंगरीचे मोजे काढून तिच्या उशाशी ठेवले. मग एक बुटकं स्टूल ओढलं आणि चक्क सगळ्यांकडे पाठ करून त्या लाळेऱ्यांच्या घड्या करायला बसल्या. बस्स. गाणं नाही, थोपटणं नाही. भिंगरीने पायाचा अंगठा ओढून पाहिला, छताकडे पाहिलं, मावशींच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही. आईने सवयीने घड्याळ लावलं होतं. अकराव्या मिनिटाला भिंगरी गाढ.

"आत या, भिंगरीची आई," मावशी न वळता हळूच म्हणाल्या. "तुमची सावली पडलीय भिंतीवर."

चोरी पकडल्यासारखी ती आत गेली. मावशींनी तिला ओट्यापाशी नेऊन पाणी दिलं.

"हिला झोपवता कशा तुम्ही?" तिने विचारून टाकलं.

"मी कुठे झोपवते? तिची ती झोपते. मी फक्त बघत नाही."

"बघत नाही?"

"आपण टक लावून बसलो की त्यांना वाटतं, काहीतरी व्हायचंय. मग तीही जागी राहतात, काय होतंय बघायला. तुम्ही बघत बसता का घरी?"

ती घरी कुशीवर वळून, लेकीच्या नाकासमोर नाक आणून, पापण्या जड होतायत का ते तासतासभर न्याहाळायची. "अधूनमधून," ती म्हणाली.

मावशींनी मान डोलावली. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. "आणि हो, रविवारचं. भिंगरीचे बाबा प्रेमाने म्हणाले, पण मी नाही यायची. राग मानू नका. सहा दिवस तुमची पोरं असतात. रविवारी मी दार लावून ताणून देते."

तिने तीन दिवस घोटून घोटून तयार केलेला गोड नकार तोंडातच राहिला. खरं तर तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट परत जाताना तिला संतापच आला. माझ्या लेकीबरोबर नदी बघायची सोडून ही बाई झोपा काढणार? जिच्यावर आपण तीन दिवस जळत होतो, तिच्या हे गावीही नव्हतं. आणि तरी लॅबमध्ये काचपट्टी सरकवताना डोळ्यांपुढे तीच पाठ येत राहिली. निवांत, सैल. अशी पाठ आपल्याला असती तर.

शनिवारी अर्धा दिवस होता. जेवण झाल्यावर तिने भिंगरीला गादीवर ठेवलं, बटण, मणी, नाणं असं काही पडलेलं नाही ना हे तीनदा तपासलं, आणि पाठ करून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायला बसली.

"आई."

"हं."

"आई, इकडे बघ."

"मी कामात आहे. तू पड."

मागे धप्प आवाज झाला. तिची मान आपोआप वळायला लागली. तिने दातांवर दात आवळले. उशी असेल. उशीच. मग पांघरुणाची सळसळ, बाहुलीला दटावणं, आणि पुढे काहीच नाही. आवाजापेक्षा ते काहीच नाही जास्त वाईट होतं. एका मोज्याची जोडी तिने चार वेळा लावली. सगळा जीव मानेत गोळा झाला होता.

मग मागून अर्ध्या झोपेतला, ओलसर आवाज आला. "मावशी..."

तिच्या हातातला मोजा तसाच राहिला. आत्ता वळावं, उचलून घ्यावं, म्हणावं, मी आहे गं, आई आहे. वळली असती तर भिंगरी टक्क जागी झाली असती.

"हं," ती म्हणाली.

श्वास हळूहळू लांब झाला. तिने हातातल्या मोज्याची जोडी लावून टाकली. मग नवरा दारात आला आणि भुवया उंचावून त्याने गादीकडे बोट दाखवलं. तिने त्याला खुणेने बाहेर नेलं.

"झोपली? तू झोपवलीस?"

"झोपली," ती म्हणाली. "उद्या जकातघरामागे झाडाखाली चादर टाकायची. पाण्यापासून लांब. हिला आडवं करायचं आणि दोघांनी पाठ करून बसायचं. चादरीचं टोक मी बुडाखाली दाबून ठेवीन. हलली तर कळेल."

"आणि दीड तास आपण बघायचं काय?"

"नदी आहे की."

तो हसला आणि तिकिटं काढायला फोन शोधू लागला. "दोनच ना? भिंगरीला लागत नाही. मावशींना नंतर राग नको यायला."

"दोनच. रविवारी त्या ताणून देतात," ती म्हणाली. झोपेत भिंगरीने हाक कोणाला मारली होती, ते तिने त्याला सांगितलं नाही.